मावशींना काढून टाकले, पुढे काय?

“आजी बाथरूममध्ये घसरल्या. ड्यूटीवरच्या मावशींना आम्ही आजच काढून टाकलंय.” वृद्धांच्या देखभाल केंद्राच्या कार्यालयातून असा फोन येतो, मुलगा-सून धावत जातात, खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन होते. बिल घरचेच लोक भरतात आणि प्रकरण तिथेच मिटते. मावशी माणसे पुरवणाऱ्या दुसऱ्या ब्युरोतून दुसऱ्या केंद्रात कामाला लागतात. पहिल्या केंद्रात त्याच पाळीला वीस माणसांमागे पुन्हा एकच मावशी उभी असते. झाल्या इजेचा जाब ज्याने द्यायचा, त्या संस्थेला कोणी एक कागदही पाठवलेला नसतो.

ठाण्यात माजिवडा नाक्यावरून घोडबंदर रस्त्याने कासारवडवलीकडे जाताना, किंवा पलीकडे कल्याण ओलांडून टिटवाळा-खडवलीच्या दिशेने गेल्यावर, वृद्धांच्या निवासी देखभालीच्या पाट्या दिसतात. काही केंद्रे इमारतीच्या पहिल्या मजल्यावर असतात, काही रो-हाउसमध्ये, काही गावाबाहेरच्या बंगल्यात. कुणी ‘वृद्धाश्रम’ लिहितो, कुणी ‘सीनिअर केअर’, ‘रिहॅब’, ‘डिमेन्शिया केअर’ किंवा ‘असिस्टेड लिव्हिंग’. टॉवरमध्ये दोघेही नोकरी करणारे, आजोबा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले, भाऊ न्यू जर्सीत, अशा घरांना या केंद्रांची खरोखर गरज आहे. आईवडिलांना तिथे ठेवले म्हणून कुणाला टोचून बोलण्याचे काही कारण नाही. पण पैसे देऊन देखभाल घेतली, तर त्या देखभालीचा हिशेब मागण्याचा हक्कही आपल्याकडे येतो, हे मात्र फारच कमी कुटुंबे लक्षात ठेवतात.

“नेमकं कुणाच्या हातून झालं ते सांगता येत नाही,” हे संस्थांचे आवडते उत्तर. ते किती पोकळ आहे हे महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने दाखवून दिले आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका तरुण आईची बाळंतपणानंतर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. पोटात टॉवेल राहिला. पुन्हा पोट उघडावे लागले, आणि त्याच महिन्यात ती गेली. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल लागला १९९६ मध्ये. न्यायालयाने सांगितले की कोणत्या डॉक्टरच्या किंवा कर्मचाऱ्याच्या हातून चूक झाली हे पक्के सिद्ध झाले नाही, म्हणून घरच्यांचा दावा बुडत नाही. रुग्णालयात निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला एवढे ठरले की रुग्णालय चालवणाऱ्याने, इथे सरकारने, भरपाई द्यायची. रक्कम होती ३६,००० रुपये. तेहतीस वर्षे गेली आणि रक्कम तुटपुंजी मिळाली, तरी तत्त्व भक्कम आहे. दोष कुणाच्या हाताचा हे शोधत बसण्याचा बोजा पीडित कुटुंबावर टाकता येत नाही.

वृद्धांच्या केंद्रात तर हे आणखी खरे आहे. पाळीला किती माणसे ठेवायची, त्यांना उचलण्या-बसवण्याचे शिक्षण द्यायचे की नाही, बाथरूममध्ये आधाराचा दांडा बसवायचा की नाही, हे मावशी ठरवत नाहीत. ते मालक ठरवतो.

पाटीवर काय लिहिले आहे, यापेक्षा आत काय चालते

जबाबदारी ठरवताना पहिला प्रश्न असा, की ही जागा कायद्याच्या दृष्टीने आहे तरी काय?

महाराष्ट्रात १९४९ पासून शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. आधी तो मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा म्हणून ओळखला जाई. त्यातली शुश्रूषागृहाची व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे. आजार, इजा किंवा विकलता असलेल्या माणसांना जिथे दाखल करून घेतात आणि उपचार व शुश्रूषा पुरवतात, ती जागा म्हणजे शुश्रूषागृह. ‘विकलता’ हा शब्द तिथे आहे. म्हणजे नाकातून नळीने अन्न भरवणे, कॅथेटर, इन्शुलिन, जखमेचे ड्रेसिंग हे सगळे ज्या केंद्रात चालते, त्याने दारावर ‘वृद्धाश्रम’ लिहिले तरी त्याला या नोंदणीची गरज आहे का, हा प्रश्न विचारायलाच हवा. ठाणे महापालिकेच्या हद्दीत तो महापालिकेच्या आरोग्य विभागाला विचारायचा, कल्याण-डोंबिवलीत तिथल्या महापालिकेला, आणि खडवली-पडघ्यासारख्या ग्रामीण भागात जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला. या कायद्याखालच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद व तक्रार निवारणाची व्यवस्था त्यात आली. केंद्र नोंदणीकृत असेल तर ही सनद भिंतीवर दिसली पाहिजे.

जिथे फक्त राहणे, जेवण आणि सोबत एवढेच मिळते, तिथे परिस्थिती दुबळी आहे. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण कायदा वृद्धाश्रमांबद्दल बोलतो, पण प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी निदान दीडशे जणांची सोय असलेला एक तरी वृद्धाश्रम राज्याने उभारावा, असा त्याचा रोख आहे. खासगी केंद्रांची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच बारगळले. कुणाच्या आईला सांभाळण्याचा धंदा उघडायला खानावळीइतकीही परवानगी लागू नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि ती बदलली पाहिजे.

डिमेन्शियाच्या केंद्रांच्या बाबतीत आणखी एक कायदा पाहावा लागतो, तो म्हणजे २०१७ चा मानसिक आरोग्य देखभाल कायदा. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना दाखल करून सांभाळणाऱ्या आस्थापनेला त्याखाली नोंदणी लागते. त्या केंद्राची तशी नोंदणी आहे का, हे लेखी विचारावे. उत्तर टाळले गेले, तर तेही एक उत्तरच आहे.

खडवली-पडघा पट्ट्यातली एक घटना इथे आठवते. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस भिवंडी तालुक्यातल्या सोरगावच्या मातोश्री वृद्धाश्रमात साठाहून अधिक जणांना करोनाची लागण झाल्याचे आढळले. बहुतेकांचे लसीचे दोन्ही डोस झालेले होते. त्यांना ठाण्याच्या सिव्हिल रुग्णालयात हलवावे लागले. लागण झाली म्हणजे आश्रमाचा निष्काळजीपणा, असे अजिबात नाही. साथीचा रोग कुठेही शिरतो. पण एकाच छपराखाली इतकी वयस्कर माणसे असली की काही प्रश्न आपोआप उभे राहतात. ताप आलेल्याला वेगळे ठेवायची खोली आहे का? डॉक्टर किती दिवसांनी येतात? रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्स कुठून येणार? केंद्राची जबाबदारी या तयारीवरून मोजली जाते.

प्रवेशाच्या दिवशीचा कागद

दाखल करतानाचा फॉर्म बहुतेक लोक न वाचता सही करून देतात. त्यात एक ओळ हमखास असते, ‘कोणत्याही दुर्घटनेस संस्था जबाबदार राहणार नाही.’ या ओळीला घाबरू नये. अशी छापील ओळ निष्काळजीपणाला माफी देत नाही, आणि फौजदारी गुन्ह्याची जबाबदारी तर करारातून झटकताच येत नाही. उघड एकतर्फी कराराविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने स्वतंत्र तक्रारीची सोय केली आहे. ती मात्र जिल्हा ग्राहक आयोगात नाही, राज्य ग्राहक आयोगात करावी लागते.

त्या ओळीपेक्षा फॉर्ममध्ये काय नाही, ते जास्त महत्त्वाचे. दिवसपाळी-रातपाळीला किती माणसांमागे किती कर्मचारी, त्यांतली नोंदणीकृत नर्स किती, अंथरुणावरच्या माणसाची कूस किती वेळाने बदलणार, पडल्यास किंवा ताप आल्यास घरी किती वेळात कळवणार, कोणत्या रुग्णालयात नेणार, रोजच्या नोंदवहीची प्रत मागितल्यावर मिळणार का. एवढे सगळे एका पानावर मावते. केंद्राच्या लेटरहेडवर नाही मिळाले, तर घरच्यांनी स्वतः व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने लिहून पाठवावे. ‘आज ठरल्याप्रमाणे...’ अशी सुरुवात करून मुद्दे लिहावेत आणि समोरून ‘ठीक आहे’ घ्यावे. पुढे वाद झाला तर हाच करार ठरतो.

आणखी एक पान जोडावे. दाखल होताना आईची प्रकृती कशी होती? वजन किती, चालते का, कुठे जखम आहे का, कोणत्या गोळ्या किती वाजता, याआधी कधी पडली होती का. पाठीचा, टाचांचा, माकडहाडाजवळचा फोटो काढून ठेवावा. विचित्र वाटेल, पण तीन महिन्यांनी माकडहाडाजवळ खोल जखम दिसली आणि केंद्राने ‘ही आधीपासूनच होती’ म्हटले, की या फोटोवाचून दुसरा पुरावा नसतो.

फी नेहमी खात्यातून द्यावी आणि पावती घ्यावी. रोखीने दिलेल्या पैशांवर ग्राहक म्हणून उभे राहताना दमछाक होते.

कोणती इजा म्हणजे निष्काळजीपणा

प्रत्येक इजा गुन्हा नसते. ऐंशी पार केलेली हाडे ठिसूळ असतात आणि चांगल्या केंद्रातही माणूस पडतो. कायदा विचारतो एवढेच, की धोका आधी दिसत होता का, आणि दिसत होता तर तो टाळायला वाजवी काळजी घेतली का.

या ‘वाजवी काळजी’चा पायाही मराठी मुलखातल्याच एका प्रकरणात घातला गेला. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली. त्याला पुण्याच्या रुग्णालयात आणले आणि अपघातानंतर तीन दिवसांतच तो गेला. वडील स्वतः डॉक्टर. त्यांनी दावा लावला. लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये वडिलांच्या बाजूने निकाल दिला. रोग्याला हाती घ्यायचे की नाही हे ठरवताना, उपचार कोणता करायचा हे ठरवताना आणि प्रत्यक्ष उपचार करताना, अशा तिन्ही टप्प्यांवर काळजी घेण्याचे कर्तव्य असते, असे त्यात सांगितले. पहिला टप्पा केंद्रांना फार लागू पडतो. ज्याला सांभाळण्याची साधने आपल्याकडे नाहीत, त्याला फीच्या मोहाने दाखल करून घेणे हीच पहिली चूक. रात्री उठून चालू लागणाऱ्या डिमेन्शियाच्या रुग्णाला दार उघडे राहणाऱ्या बंगल्यात ठेवून घेतले आणि तो हायवेवर सापडला, तर ‘आम्ही काय करणार’ म्हणता येत नाही.

शय्याव्रण, म्हणजे लोक ज्याला बेडसोअर म्हणतात, हा तर बोलका पुरावा आहे. अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलणे, ओले डायपर लगेच काढणे, हवेची गादी, पुरेसे प्रथिनयुक्त जेवण, ही काळजी घेतली तर बहुतेक जखमा टळतात. काही रुग्णांना सगळे करूनही जखम होते, हे खरे. पण हाड दिसेपर्यंत खोल गेलेली जखम एका रात्रीत होत नाही. ती होत असताना रोज कुणीतरी पाठ बघायला हवी होती आणि घरी कळवायला हवे होते. रुग्णालयांचा दर्जा तपासणारी एनएबीएच ही राष्ट्रीय संस्थाही रुग्णाचे पडणे आणि शय्याव्रण यांची मोजदाद दर्जाचा निकष म्हणून करायला लावते. आयोगापुढे हे सांगता येते.

औषधांच्या चुका आणि अप्रशिक्षित हात यांबद्दल स्प्रिंग मेडोज रुग्णालयाचा १९९८ चा निकाल आहे. नर्सने लहान मुलाला चुकीचे इंजेक्शन दिले आणि मूल कायमचे अंथरुणाला खिळले. सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरले. मुलासाठी साडेबारा लाख आणि आई-वडिलांच्या मनस्तापासाठी वेगळे पाच लाख, ही भरपाई कायम राहिली. ज्या केंद्रात आयाच इन्शुलिन टोचते, तिथे हा निकाल दाखवावा.

आणि बांधून ठेवणे. “पडू नयेत म्हणून हात बांधतो,” असे सरळ सांगणारी केंद्रे आहेत, आणि नाइलाजाने मान डोलावणारी मुलेही आहेत. मानसिक आरोग्य कायद्यात साखळदंडाला पूर्ण बंदी आहे. रुग्णाला किंवा इतरांना तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल, तेव्हाच बंधन घालता येते. तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरता वेळ आणि लेखी नोंद ठेवून. मुलाने ‘चालेल’ म्हटले म्हणून रोज रात्री आईचे हात पलंगाला बांधता येत नाहीत. तो भारतीय न्याय संहितेखाली बेकायदा डांबून ठेवण्याचा गुन्हा ठरू शकतो. जून २०२५ मध्ये नोएडातल्या एका वृद्धाश्रमातून उत्तर प्रदेश राज्य महिला आयोगाने ३९ वृद्धांची सुटका केली, तेव्हा काहींना बांधून तर काहींना कोंडून ठेवलेले आढळले. त्या जागीही कुटुंबांकडून देणगी आणि मासिक पैसे घेतले जात होते.

पहिले चोवीस तास

इजा झाल्याचे कळल्यावर सगळ्यात आधी माणूस. जखमीला केंद्राच्या ओळखीच्या दवाखान्याऐवजी स्वतंत्र रुग्णालयात न्यावे. तिथे इजा कशी झाली ते खरे सांगावे. “घरी पडल्या असं सांगा, नाहीतर पोलिसांची भानगड,” असा सल्ला केंद्रातून दिला जातो. तो अजिबात ऐकू नये. केसपेपरवर एकदा ‘घरी पडल्या’ लिहिले गेले, की पुढचा सगळा दावा त्या दोन शब्दांवर आपटतो. मेडिको-लीगल नोंद होऊ द्यावी. पोलिसांना कळवले म्हणजे कुणाला लगेच तुरुंगात टाकले, असे होत नाही.

त्याच दिवशी केंद्राला लेखी मागणी पाठवावी. सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवा, नोंदवही, औषधांचा तक्ता, त्या पाळीच्या कर्मचाऱ्यांची हजेरी यांच्या प्रती द्या. कॅमेऱ्याचे जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून उद्यावर ढकलू नये. मागणी करूनही चित्रण पुसले गेले, तर त्याचा अर्थ लावायला आयोग मोकळा असतो. डॉक्टर किंवा रुग्णालय असेल तर वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. नुसत्या निवासी केंद्राला हा नियम लागू नाही, म्हणूनच प्रवेशाच्या कागदावर ती अट आधीच लिहून घ्यायची. जखमेचे फोटो ज्या फोनवर काढले तो फोन विकू नये. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपे होते.

मृत्यू झाला असेल तर सर्वांत अवघड निर्णय शवविच्छेदनाचा. शोकात, नातेवाईक जमलेले असताना, कुणालाही ते नको वाटते. पण पडल्यानंतर दोन आठवड्यांनी न्यूमोनियाने झालेला मृत्यूही त्या पडण्याशी जोडलेला असू शकतो, आणि अग्निसंस्कारानंतर ते सिद्ध करायला फक्त कागद उरतात. संशय असेल तर केंद्राच्या डॉक्टरने दिलेला दाखला घेऊन स्मशानात जाऊ नये. पोलीस ठाण्यात कळवावे, माजिवड्यात असाल तर कापूरबावडीला. पुढे पंचनामा आणि सरकारी रुग्णालयात शवविच्छेदन होते.

कोणते दार ठोठवायचे

इथे बरीच कुटुंबे चुकीच्या कार्यालयात वर्ष घालवतात. प्रांत अधिकाऱ्यांपुढचे ज्येष्ठ नागरिक न्यायाधिकरण चरितार्थासाठी आहे. मुले केंद्राची फी भरत नाहीत, किंवा सांभाळण्याच्या अटीवर फ्लॅट नावावर करून घेतला आणि मग पाठ फिरवली, अशा वेळी तिथे जावे. केंद्रातल्या इजेची भरपाई तिथे मिळत नाही.

भरपाईसाठी मुख्य दार ग्राहक आयोगाचे. पैसे मुलीने भरले आणि देखभाल आईला मिळाली, तरी आई ग्राहकच. ती गेली तर कायदेशीर वारस तक्रार करू शकतात. जिल्हा आयोगाची मर्यादा आज भरलेल्या मोबदल्याच्या ५० लाखांपर्यंत आहे. मोजायचा तो मोबदला. मागितलेली भरपाई इथे धरत नाहीत. समजा, माजिवड्याच्या एका कुटुंबाने महिना ३५,००० रुपयांप्रमाणे वर्षभर फी भरली. मोबदला झाला ४ लाख २० हजार. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तक्रारीचे शुल्कच नाही. ऑपरेशनचा खर्च, पुढची नर्स, वेदना यांची भरपाई त्याहून कितीतरी जास्त मागता येते. वकील नेमण्याची सक्ती नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते, आणि तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात ती करता येते. म्हणजे केंद्र कर्जत-नेरळकडे असले तरी ठाण्यात दाद मागता येते. सविता गर्ग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले आहे की तक्रारदाराने प्रथमदर्शनी निष्काळजीपणा दाखवला, की आपण योग्य काळजी घेतली हे सिद्ध करण्याची जबाबदारी रुग्णालयावर येते. डॉक्टर आमचा पगारी नव्हता, ही सबब तिथे चालली नाही. ब्युरोतून आलेल्या मावशींबद्दल केंद्र हेच म्हणते, तेव्हा हा निकाल पुढे ठेवावा, आणि तक्रारीत केंद्राबरोबर ब्युरोलाही सामनेवाले करावे.

धर्मादाय संस्थांबद्दल एक गैरसमज आहे. जिथे सगळ्यांनाच फुकट सेवा मिळते, तिथे ग्राहक कायदा लागत नाही, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने ठरले. पण काहींकडून पैसे घेऊन काहींना मोफत ठेवले जात असेल, तर मोफत राहणाऱ्यालाही ग्राहकाचा हक्क मिळतो. अगदी पूर्ण मोफत आश्रमातही दिवाणी व फौजदारी जबाबदारी सुटत नाही. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयाचा निकाल तेच सांगतो. न्यासाविरुद्ध धर्मादाय आयुक्तांच्या ठाण्याच्या कार्यालयातही तक्रार करता येते.

पोलिसांकडे जाताना कलमे माहीत असावीत. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कलम १०६, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा. नोंदणीकृत डॉक्टरने उपचार करताना घडले तर दोन वर्षांपर्यंत. गंभीर दुखापतीला कलम १२५, तीन वर्षांपर्यंत. डॉक्टरवर गुन्हा नोंदवण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत हवे, असे जेकब मॅथ्यू निकालाने २००५ मध्ये सांगितले आहे. तो दंडक डॉक्टरांच्या वैद्यकीय निर्णयांसाठी आहे, कर्मचारी कमी ठेवणाऱ्या मालकासाठी नाही.

आणि एक कलम जवळजवळ विसरले गेले आहे, ते म्हणजे ३५७. आजाराने किंवा अशक्तपणाने असहाय झालेल्या माणसाची देखभाल करण्याचा करार केला आणि जाणूनबुजून केली नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलीस यात एन.सी. (अदखलपात्र नोंद) घेतात आणि पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते. शिक्षा लहान आहे, पण उपाशी ठेवणे, दिवसभर ओल्यात पडू देणे यांसाठी हे कलम नेमके बसते. अपंगत्व असलेल्या व्यक्तीचा छळ चालू असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ प्रमाणे कोणीही, अगदी शेजारीसुद्धा, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतो, आणि ते सुटकेचा आदेश देऊ शकतात. तातडीला ११२ आहे, ज्येष्ठांच्या मदतीसाठी एल्डरलाइन १४५६७, आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. महिला आणि दिव्यांगांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते.

आगीचा मुद्दा वेगळा काढायला हवा. २८ एप्रिल २०२१ च्या पहाटे मुंब्र्यातल्या कौसा भागात प्राइम क्रिटिकेअर रुग्णालयाला आग लागली आणि चार रुग्ण दगावले. जो स्वतः उठून चालू शकत नाही, त्याच्यासाठी छोटी आगही जीवघेणी असते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा ताबेदाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र द्यायचे असते. हे प्रमाणपत्र म्हणजेच बी फॉर्म. ‘बी फॉर्म दाखवा’ एवढेच म्हणावे. वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली माणसे आणि खाली उतरायला एकच अरुंद जिना, असे केंद्र कितीही स्वस्त असले तरी नको.

कुटुंबाचीही एक बाजू आहे. सांभाळण्याची जबाबदारी असलेल्याने ज्येष्ठाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कुठे सोडले, तर २००७ च्या कायद्याचे कलम २४ लागते, आणि ते मुलांइतकेच सांभाळणाऱ्या इतरांनाही लागू पडते. फी थकली म्हणून आजोबांना सिव्हिलच्या दारात सोडून जाणारे केंद्रही त्यातून सुटत नाही. घरच्यांनी ठरलेल्या वेळेखेरीज अधूनमधून अवेळी जावे, अंघोळीच्या वेळी जावे, पाठ स्वतः बघावी. भेटीची वेळ फक्त रविवारी चार ते पाच, असे सांगणाऱ्या केंद्राबद्दल सावध राहावे.

परदेशात असलेल्या मुलांसाठी दोन गोष्टी. ठाण्यातल्या एखाद्या विश्वासू नातेवाइकाला मुखत्यारपत्र द्यायचे असेल, तर ते तिथे नोटरी किंवा अपोस्टील करून घ्यावे आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत इथले मुद्रांक शुल्क भरावे. आयोगाची सुनावणी व्हिडिओवरून मागता येते, त्यामुळे साक्षीसाठी विमान पकडण्याची वेळ सहसा येत नाही. मुदत मात्र सगळ्यांना सारखीच आहे, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. १० मार्च २०२५ ला आई पडली असेल, तर मार्च २०२७ चा पहिला आठवडा उजाडायच्या आत तक्रार दाखल झालेली असावी. उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी पटेल असे कारण द्यावे लागते, आणि ‘केंद्र तडजोडीचं बोलत होतं’ हे कारण प्रत्येक वेळी पटतेच असे नाही. बोलणी चालू असली तरी तक्रारीचा मसुदा तयार ठेवावा.